हप्ता आधी, वस्तू नंतर : कर्ज न काढता मोठी खरेदी कशी करावी

गाडीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता खात्यातून गेला आणि पुढच्या महिन्यापासून मी तो हप्ता तसाच चालू ठेवला. तारीख तीच, रक्कम तीच. फरक इतकाच, की आता पैसे माझ्याच दुसऱ्या एका खात्यात जाऊ लागले. पाच वर्षं त्या रकमेशिवाय घर चालवायची सवय झालेलीच होती, त्यामुळे नवी ओढाताण काहीच झाली नाही. चार वर्षांच्या आत पुढच्या गाडीचे पैसे जमले, आणि आधीच्या पाच वर्षांत आपण व्याजापोटी काय घालवलं ते तेव्हा कुठे मला नीट कळलं.

कर्जाशिवाय जगणं म्हणजे काटकसरीचा अतिरेक किंवा मन मारणं, असा अनेकांचा समज असतो. मला तसं वाटत नाही. हप्ता तर आपण भरतोच. तो वस्तू घेतल्यावर भरला की वर व्याज द्यावं लागतं, आधी भरला की व्याज मिळतं. या लेखात हा क्रम उलटवायची रीत पायरीपायरीने सांगितली आहे. ‘रोखीने घेणं’ याचा अर्थ नोटांची थप्पी नेणं असा नाही. पूर्ण रक्कम एकरकमी, स्वतःच्या पैशांतून देणं, मग ती बँकेतून वळती केलेली का असेना, असा तो अर्थ आहे.

आधी गणित

खाली सगळीकडे १,००,००० ही रक्कम धरली आहे. चलन कोणतंही असो, प्रमाण तेच राहतं.

१,००,००० ची वस्तू वार्षिक १० टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जावर घेतली, तर महिन्याचा हप्ता साधारण २,१२५ येतो. ६० हप्त्यांत मिळून १,२७,५०० च्या आसपास रक्कम जाते. आता हेच २,१२५ दर महिन्याला स्वतःच्या खात्यात टाका आणि त्यावर ५ टक्के व्याज मिळतं असं धरा. १,००,००० जमायला ४४ महिने लागतात. म्हणजे १६ हप्ते वाचले. पैसे कपाटात ठेवले आणि व्याज अजिबात मिळालं नाही, तरीही अठ्ठेचाळिसाव्या महिन्यात रक्कम पुरी होते.

गणित इतकं साधं असूनही बहुतेक जण कर्ज काढतात, कारण मधले ४४ महिने वस्तू हाताशी नसते. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत १९१९ साली जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. दुसरा मोठा मोटार उत्पादक हेन्री फोर्ड याचा उधारीला सक्त विरोध होता. त्याने १९२३ मध्ये नेमकी उलटी योजना आणली : गिऱ्हाइकाने दर आठवड्याला थोडी रक्कम बँकेत भरायची आणि किंमत पूर्ण भरली की गाडी घरी न्यायची. हिशेबाने ती गिऱ्हाइकाच्याच फायद्याची होती. पण समोरचा दुकानदार थोडे पैसे घेऊन आजच गाडी देत होता. फोर्डची योजना रुजली नाही, आणि १९२८ मध्ये फोर्डच्या कंपनीलाही स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढावी लागली.

या गोष्टीतून मी एक धडा घेतला. वाट पाहायचा काळ सुसह्य करायची सोय योजनेत नसेल, तर नुसता निश्चय टिकत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त जागा मी त्या सोयीला दिली आहे.

पायरी १ : सगळी देणी एका कागदावर

डोळे मिटून घ्यायची सवय इथेच मोडते. प्रत्येक देण्यासमोर हे लिहा : उरलेलं मुद्दल, व्याजदर, हप्ता, शिल्लक महिने, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागतो का. नातेवाइकांकडची, मित्रांकडची उसनवारी आणि दुकानातली उधारीही त्यातच लिहा. घरात दोघं कमावणारे असतील, तर दोघांनी एकत्र बसून लिहा. एकाने लपवलेलं छोटंसं देणं सगळी योजना उधळून लावतं.

व्याजदर लिहिताना तो कसा आकारला आहे ते विचारा. ‘फ्लॅट’ दर असेल, तर व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावलेलं असतं. तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी ते कमी होत नाही. १,००,००० वर पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे एकूण ५०,००० व्याज आणि २,५०० चा हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर, हा दर १७ टक्क्यांच्याही वर जातो. दोन कर्जांची तुलना करायची तर दोन्ही दर घटत्या शिलकीवरचेच घ्या.

पायरी २ : नवी भर थांबवा

भोक पडलेल्या नावेतलं पाणी उपसण्याआधी भोक बुजवावं लागतं. क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल, तर ती फिटेपर्यंत कार्ड घरी ठेवा. ऑनलाइन दुकानांत साठवून ठेवलेला कार्डाचा क्रमांकही काढून टाका. याच काळात एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढा, म्हणजे घरातलं एखादं यंत्र बिघडलं तरी पुन्हा कार्डाकडे हात जाणार नाही.

कार्डाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त माणसं मी इथेच बुडताना पाहिली आहेत. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते आणि ती भरली की आपण नियमित आहोत असं वाटतं. समजा, थकबाकी १,००,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे. नवी काहीही खरेदी न करता वर्षभर फक्त किमान रक्कम भरली, तर बारा महिन्यांत तुम्ही जवळपास ५५,००० भरता. थकबाकी तरीही ७७,००० उरते. अर्ध्याहून जास्त पैसे व्याजात गेलेले असतात. अजिबात काही भरलं नाही, तर याच दराने कर्ज दोन वर्षांत दुप्पट होतं. किती वर्षांत दुप्पट होईल हे काढायला ७२ ला वार्षिक दराने भागायचं. ३६ टक्क्यांना उत्तर २ येतं.

पायरी ३ : कोणतं कर्ज आधी?

हिशेबाने पाहिलं तर ज्याचा व्याजदर सगळ्यात जास्त ते आधी फेडावं. बाकी सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि वरची प्रत्येक रक्कम त्या एकावर ओतायची. दुसरी रीत म्हणजे सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवायचं, म्हणजे एक नाव लवकर खोडता येतं आणि हुरूप येतो. मी दोन्हींची सांगड घालतो : दोन-तीन महिन्यांत संपणारं एखादं किरकोळ देणं असेल तर ते आधी उडवून टाकायचं, मग थेट सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जामागे लागायचं. कुटुंबातल्या माणसाची उसनवारी बिनव्याजी असली, तरी ती फार लांबवू नये. तिथे व्याज नात्यातून वसूल होतं.

एक कर्ज संपलं की त्याचा मोकळा झालेला हप्ता संध्याकाळच्या आत पुढच्या कर्जाला जोडा. तो महिनाभर जरी मोकळा राहिला, तरी घरखर्चात विरघळून जातो आणि मग सापडत नाही.

हप्ते झेपतच नसतील, तर एखादा चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याला भेटा आणि मुदत वाढवून किंवा दर कमी करून मागा. थकल्यानंतरच्या बोलण्यापेक्षा आधीच्या बोलण्याला जास्त वजन असतं. एक कर्ज फेडायला दुसरं काढायचं असेल, तर दुसऱ्याचा दर खरोखर कमी असला पाहिजे आणि पहिलं त्याच दिवशी पूर्ण बंद झालं पाहिजे. नाहीतर दोन्ही गळ्यात पडतात.

पायरी ४ : आणीबाणीचा निधी

महागडी कर्जं संपली की तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम वेगळी ठेवा. उत्पन्न अनियमित असेल तर त्याहून जास्त. आजारपण आणि कमावत्या माणसाचा मृत्यू यांच्यासाठी विमा हवा. हे धक्के बचतीतून झेलता येत नाहीत. हा निधी नसेल, तर पुढच्या पायरीतली खाती पहिल्याच अडचणीत रिकामी होतात.

पायरी ५ : उलटा हप्ता

पुढच्या दहा वर्षांत लागणाऱ्या मोठ्या वस्तूंची यादी करा : वाहन, कपडे धुण्याचं यंत्र, संगणक, घराची डागडुजी, मुलांचं शिक्षण. यातलं काहीच अचानक येत नाही. यंत्र दहा वर्षांनी जुनं होणार हे घेतानाच माहीत असतं, तरी ते बंद पडलं की आपण संकट आल्यासारखे कर्ज शोधायला धावतो.

प्रत्येक वस्तूपुढे चार आकडे लिहा : आजची किंमत, किती महिन्यांनी लागेल, तोवर किंमत किती वाढेल, आणि जुनी वस्तू विकून काय येईल. समजा, आज १,००,००० ची वस्तू चार वर्षांनी हवी आहे आणि किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते. तेव्हा ती साधारण १,२१,५०० ला मिळेल. जुन्या वस्तूचे २५,००० येणार असतील, तर ९६,५०० जमवायचे आहेत. भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला जवळपास २,०१०. हा तुमचा उलटा हप्ता.

सगळ्या वस्तूंचे असे हप्ते मिळून बेरीज अंगावर आली, तर त्यातून एक खरी गोष्ट कळते : या उत्पन्नात इतकं सगळं बसत नाही. तारखा पुढे ढकला, वस्तू साध्या करा किंवा एखादी यादीतून काढा. हा निवाडा कागदावर स्वस्तात होतो. कर्जाने तोच निवाडा नंतर व्याजासकट करावा लागतो.

आता वाट पाहण्याच्या सोयी.

प्रत्येक मोठ्या वस्तूसाठी वेगळं खातं किंवा वेगळी ठेव काढा आणि तिला त्या वस्तूचं नाव द्या. ‘बचत’ नावाच्या खात्यातून पैसे काढताना काहीच वाटत नाही. ‘मुलीचं शिक्षण’ नावाच्या खात्यावर हात टाकताना माणूस थबकतो. बँकेत नाव देता येत नसेल, तर वहीत प्रत्येक वस्तूचं पान करा आणि एकाच खात्यातल्या पैशांचे वाटे तिथे मांडा. पगार ज्या दिवशी येतो त्याच दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याकडे काहीच उरत नाही.

पहिला प्रयोग छोट्या वस्तूवर करा, सहा महिन्यांत जमेल अशा. व्याज न देता घरात आलेली पहिली वस्तू पुढच्या चार वर्षांच्या वाटेला बळ देते. माझ्या बाबतीत ती एक साधी खुर्ची-टेबलाची जोडी होती.

मधल्या काळात वस्तूची गरज कशी भागेल याचाही विचार आत्ताच करा. जुनी दुरुस्त करून दोन वर्षं चालेल का? प्रसंगापुरती भाड्याने मिळते का? आणि सगळ्यात कामाची युक्ती : पायऱ्यांनी चढणं. वाहनाची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वांत वेगाने घसरते. आज हाताशी आहे तेवढ्या पैशांत चांगल्या अवस्थेतलं जुनं वाहन घ्या आणि हप्ता चालू ठेवा. दोन वर्षांनी ते विका, जमलेले पैसे त्यात घाला आणि एक पायरी वरचं घ्या. तिसऱ्या उडीपर्यंत बहुतेकांना हवी तशी गाडी मिळते, आणि मध्ये एक दिवसही वाहनाविना काढावा लागत नाही. फोर्डच्या योजनेत नेमकी हीच सोय नव्हती.

पैसे ठेवायचे कुठे? एक प्रश्न स्वतःला विचारा : बाजार पडला तर ही खरेदी दोन-तीन वर्षं पुढे ढकलता येईल का? उत्तर नाही असेल, तर ते पैसे शेअर बाजारात नकोत; बँकेतली ठेव बरी, परतावा कमी असला तरी. शिक्षणाचं पहिलं वर्ष बाजार सावरायची वाट पाहत नाही.

वर्षातून एकदा येणारी बिलंसुद्धा अशीच सांभाळा. विम्याचा हप्ता, कर, शाळेची फी, वाहनाची देखभाल यांची बेरीज करून बाराने भागा आणि दरमहा बाजूला टाका.

पायरी ६ : खरेदीचा दिवस

वस्तूची किंमत हा खर्चाचा एक भाग असतो. विमा, नोंदणी, बसवण्याचा खर्च, इंधन किंवा वीज, देखभाल हे सगळं धरून रक्कम जमली की मगच बाहेर पडा. खात्यातला शेवटचा पैसाही त्या वस्तूत घालू नका.

दुकानात आधी वस्तूची पूर्ण किंमत ठरवा. पैसे कसे देणार हे विचारलं, तर किंमत ठरल्यावर सांगतो म्हणा. महिन्याच्या हप्त्यावर बोलणी सुरू झाली की मुदत लांबवून कोणतीही किंमत झेपणारी दाखवता येते. किंमत ठरल्यावर एकरकमी दिल्यास किती सूट, हे वेगळं विचारा.

‘बिनव्याजी हप्ते’ असं लिहिलेलं दिसलं तर हीच सूट विचारून पाहा. समजा, १,००,००० ची वस्तू एकरकमी घेतल्यास ९४,००० ला मिळते आणि ‘बिनव्याजी’ योजनेत ८,३३३ चे १२ हप्ते आहेत. सोडलेल्या सूटीचा हिशेब केला तर हे साडेअकरा टक्क्यांच्या आसपासचं कर्ज ठरतं. प्रक्रिया शुल्क असेल तर त्याहून महाग. एकरकमी सूट खरोखरच शून्य असेल, शुल्कही नसेल आणि पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात पडून असेल, तरच अशा योजनेत तोटा नाही. तिथेही एक हप्ता चुकला की कोणते दंड लागतात ते वाचून घ्या.

पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यांनाही कार्डाचा एक परिणाम चुकत नाही. ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना खेळाच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. पैसे कार्डाने द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांची बोली रोखीवाल्यांपेक्षा खूपच वर गेली, दुपटीपर्यंत. हातातून पैसे जाताना जी कळ येते ती कार्डाने बधिर होते. म्हणून मोठ्या वस्तूची कमाल किंमत घरूनच लिहून न्यावी.

एकरकमी पैसे देताना काही खबरदारी हवीच. मोठी रक्कम नोटांत देऊ नका. बँकेतून वळती केली की पुरावा राहतो, आणि अनेक देशांत नोटांच्या व्यवहारांवर कायद्याने मर्यादाही असते. वस्तू ताब्यात येण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका. दुकानदार बुडाला तर आगाऊ दिलेले पैसे अडकतात. जुनं वाहन किंवा घर घेताना आधीच्या मालकाचं कर्ज त्यावर शिल्लक नाही ना, हे नोंदणीच्या कागदांवर स्वतः पाहा. ते असेल तर त्याच्या हप्त्यासाठी तुमची गाडी उचलली जाऊ शकते.

घराचं काय?

इथे मी आग्रह धरत नाही. घराच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम जमवता जमवता किमती आणि भाडं दोन्ही पुढे पळतात, आणि बहुतेकांना कर्ज काढावंच लागतं. पण ते कसं काढावं हे हातात असतं. १,००,००० वर ९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज असेल, तर हप्ता सुमारे ९०० येतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दल जेमतेम १५० ने घटतं. वीस वर्षांत एकूण भरणा २,१६,००० च्या घरात जातो. म्हणजे एक घर स्वतःसाठी आणि एकाहून जास्त घर व्याजासाठी.

म्हणून सुरुवातीची रक्कम जमेल तेवढी मोठी भरा, आणि उलट्या हप्त्याची सवय लागली असेल तर ती इथे वापरा. दरवर्षी एक जादा हप्ता भरला तरी वरच्या उदाहरणातलं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. सुरुवातीच्या वर्षांतला जादा हप्ता शेवटच्या वर्षांतल्या हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त व्याज वाचवतो. आणि घर घेण्याआधी दोन वर्षं, होणाऱ्या हप्त्यातून सध्याचं भाडं वजा करून उरेल ती रक्कम दरमहा बाजूला टाकून पाहा. हप्ता झेपतो की नाही ते कळेल, शिवाय सुरुवातीची रक्कमही वाढेल.

पुढे कधी असं कर्ज लागणार असेल, तर एक अडचण लक्षात ठेवा : ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याची परतफेडीची नोंद नसते, आणि अनेक देशांत त्यामुळे कर्ज नाकारलं जातं किंवा महाग मिळतं. त्यावर तोडगा म्हणून एक कार्ड ठेवा. त्यावर दरमहा ठरलेलं एखादं बिल टाका आणि पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सूचना देऊन ठेवा.

‘स्वस्त कर्ज घ्या, पैसे गुंतवा’

असं सांगणारे जाणकार भेटतात. कर्ज ८ टक्क्यांनी आणि गुंतवणूक १२ टक्क्यांनी वाढली तर फायदा आहे, हे खरं. पण ८ टक्के नक्की द्यायचे असतात, १२ टक्के नक्की मिळतील असं कोणीच लिहून देत नाही. नोकरी गेली तर हप्ता थांबत नाही, आणि बाजार पडलेला असताना गुंतवणूक विकावी लागते. ज्यांच्याकडे वर्षभराचा खर्च बाजूला आहे त्यांनी हा विचार जरूर करावा. ज्यांचा पुढच्या महिन्याचा पगार आधीच वाटला गेला आहे, त्यांच्यासाठी तो सल्ला नाही.

वस्तू घरात आली, खातं रिकामं झालं, की त्या महिन्यातही हप्ता चुकवू नका. खात्याचं नाव बदला, यादीतली पुढची वस्तू लिहा, आणि ठरलेल्या तारखेला पहिली रक्कम जाऊ द्या.